एकच नाव पाठवायचे असेल, तेव्हा विभागाने काय वाचावे?

धागालेखिका: नागनदी

नमस्कार. नागपुरातील एका स्वायत्त अभियांत्रिकी महाविद्यालयात मी गेली दोन वर्षे संगणक अभियांत्रिकी विभागाची प्रमुख आहे. नव्याने संशोधनाला लागलेल्या अध्यापकांसाठी संगणन क्षेत्रात जी एक फेलोशिप दिली जाते, तिचे परिपत्रक आमच्याकडे आले आहे. उमेदवाराला स्वतः अर्ज करता येत नाही. नाव संस्थेने सुचवायचे आणि तेही एकच. विभागात चार जण पात्र आहेत. शुक्रवारी अंतर्गत समिती बसणार आहे. त्याआधी इथल्या अनुभवी मंडळींचे मत मला हवे आहे, कारण हे काम मागच्या वेळी आम्ही फार वाईट केले.

तेव्हा मी विभागप्रमुख नव्हते, पण समितीत होते. नाव सेवाज्येष्ठतेच्या यादीवरून ठरले आणि बैठक वीस मिनिटांत संपली. ज्यांचे नाव ठरले त्यांनाच शिफारसपत्राचा मसुदा करून आणायला सांगितले, तो लेटरहेडवर घेतला आणि सगळ्यांनी सह्या केल्या. मीही केली. त्यांचा एकही शोधनिबंध मी तोवर वाचलेला नव्हता. निवड झाली नाही. नंतर त्या सहकाऱ्यांनी मला विचारले, ‘मॅडम, माझ्या कामात नेमके काय कमी पडले?’ मला उत्तर देता आले नाही, कारण त्यांच्या कामात काय आहे हेच मला ठाऊक नव्हते. ते अजून मनात सलते.

नामनिर्देशनाची ही पद्धत जगभर जुनी आहे. अमेरिकेतील स्लोन फेलोशिप १९५५ पासून दिली जाते आणि तिच्यात संगणकशास्त्रही येते. तिथे विभागप्रमुखाने किंवा ज्येष्ठ संशोधकाने नाव सुचवावे लागते, शिवाय इतर संशोधकांची तीन पत्रे लागतात. १९८८ मध्ये सुरू झालेल्या पॅकार्ड फेलोशिपसाठी निवडक ५० विद्यापीठांना विचारणा होते आणि प्रत्येकाला दोनच नावे देता येतात. मायक्रोसॉफ्ट रिसर्चने २००५ मध्ये नव्या प्राध्यापकांसाठी जी फेलोशिप सुरू केली, तिच्यासाठीही उमेदवाराचे नाव विद्यापीठानेच सुचवायचे होते. आपल्याकडे केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स व माहिती तंत्रज्ञान विभागाने २०१४ मध्ये विश्वेश्वरय्या पीएच.डी. योजना आणली, तिच्यात तरुण अध्यापकांसाठी वेगळी संशोधन फेलोशिप ठेवली होती. (ज्या विश्वेश्वरय्यांचे नाव त्या योजनेला आहे, त्यांचेच नाव १९६२ पासून आपल्या शहरातल्या व्हीआरसीई या अभियांत्रिकी महाविद्यालयाला, म्हणजे आजच्या व्हीएनआयटीला आहे. त्यामुळे त्या परिपत्रकाकडे नागपुरात थोड्या आपुलकीने पाहिले गेले, असे मला आठवते.)

नाव संस्थेकडूनच का मागवतात, याचा मी बराच विचार केला. देणाऱ्यांना अर्जांचा ढीग नको असतो, हे एक कारण झाले. दुसरे कारण मला अधिक महत्त्वाचे वाटते. ज्या विभागात हा माणूस रोज काम करतो, त्या विभागाने त्याचे काम वाचून, समजून घेऊन आपला शब्द खर्च करावा, अशी अपेक्षा त्यामागे असते. एकच नाव पाठवायचे असल्यामुळे तो शब्द महाग होतो. आपण मात्र उमेदवाराच्याच हाताने पत्र लिहवून घेतो आणि तो शब्द फुकट घालवतो.

म्हणून या वेळी मी असे ठरवते आहे: चौघांनीही आपले एकच काम निवडून द्यावे, समितीतील पाचही जणांनी ती चारही कामे पूर्ण वाचावीत, आणि त्यानंतरच बायोडेटा उघडावा. स्लोनच्या नामनिर्देशनातही दोनच प्रातिनिधिक लेख जोडायचे असतात, म्हणजे हा विचार काही माझ्या एकटीच्या डोक्यातून निघालेला नाही.

चौघांची कामे ओळख पटणार नाही अशा बेताने सांगते. एक सहकारी वऱ्हाडी बोलीतील उच्चार ओळखणाऱ्या प्रणालीवर काम करतात. प्रमाण मराठीवर शिकवलेली प्रणाली ‘डोळा’चा ‘डोया’ आणि ‘केळी’ची ‘केयी’ झाली की गडबडते, आणि फोनवरून पिकाबद्दल विचारणारा शेतकरी तर असाच बोलतो. दुसरे आलेखांवरील, म्हणजे बिंदू आणि त्यांना जोडणाऱ्या रेषांच्या जाळ्यांवरील, अल्गोरिदमवर एकट्याने काम करतात आणि दोन वर्षांत त्यांचा एकच निबंध आला आहे. तिसऱ्यांच्या नावावर ३८ निबंध आहेत, बहुतेक संत्र्याच्या पानांवरील रोग छायाचित्रावरून ओळखण्याबद्दल. चौथ्यांना पीएच.डी. मिळून जेमतेम वर्ष झाले आहे आणि ते कमी विजेवर चालणाऱ्या छोट्या यंत्रांवर उदाहरणांवरून शिकणारी संगणकीय प्रारूपे (मशीन लर्निंग) कशी बसवायची हे पाहतात.

माझी पद्धत कुठे चुकते आहे, ते कृपया सांगा.

रामटेकमार्ग

मॅडम, मी आता निवृत्त आहे, पण अशा निवड समित्यांवर काही वर्षे बसलो आहे. पत्रे कशी वाचली जातात, ते सांगतो.

समितीच्या सदस्यासमोर एका दुपारी तीस-चाळीस संच असतात. ‘अत्यंत मेहनती’, ‘विद्यार्थीप्रिय’, ‘संस्थेच्या सर्व उपक्रमांत हिरिरीने भाग घेणारे’ अशा वाक्यांनी सुरू होणारे पत्र त्याला काहीच सांगत नाही, आणि त्याची नजर सरळ पुढच्या कागदावर जाते. उलट ‘या प्रश्नावर यापूर्वी अमुक अडचण होती, उमेदवाराने ती या रीतीने दूर केली आणि त्यामुळे आता हे करता येते’ अशा तीन ओळी जिथे सापडतात, तिथे तो थांबतो आणि निबंध उघडतो. विभागप्रमुखाने ते तीन ओळींचे वर्णन स्वतःच्या शब्दांत करावे. स्वतःच्या शब्दांत करता आले नाही, तर आपल्याला ते काम अजून समजलेले नाही असे समजावे आणि उमेदवाराला बोलावून फळ्यावर समजून घ्यावे. मी तसे केले आहे आणि त्यात मला कधी कमीपणा वाटला नाही.

उमेदवाराने लिहिलेले पत्र लगेच ओळखू येते. त्यात तपशील असतो, पण तुलना नसते. आपण आपल्या समवयस्कांत कुठे बसतो, हे माणूस स्वतःबद्दल लिहू शकत नाही. ते दुसऱ्यानेच लिहावे लागते, आणि निवड समितीला नेमके तेच हवे असते.

बाहेरच्या पत्रांबद्दलही सांगतो. तीन पत्रांपैकी पीएच.डी.च्या मार्गदर्शकाचे एक असले तर हरकत नाही, पण तिन्ही पत्रे मार्गदर्शक, सहलेखक आणि त्याच गावातले परिचित यांची असली, तर गावाबाहेर या कामाची दखल कोणी घेतलेली नाही असा अर्थ निघतो. ज्यांनी उमेदवाराचे काम संदर्भ म्हणून वापरले, पण ज्यांची त्याच्याशी प्रत्यक्ष भेट झालेली नाही, अशा एकाला तरी गाठा. त्यांना किमान महिनाभर वेळ द्या आणि निबंध सोबत पाठवा.

महाल

मी वेगळे मत मांडतो आणि ते मनापासून मांडतो. सेवाज्येष्ठतेला आपण सहज नावे ठेवतो, पण ती यादी भिंतीवर लागलेली असते आणि सगळ्यांना दिसते. ‘वाचून ठरवू’ असे म्हटले की कोण वाचणार, कोणाच्या विषयातले त्याला कळणार, आणि कोण कोणाच्या जवळचा, हे प्रश्न येतात. आमच्या महाविद्यालयात एकदा गुणवत्तेच्या नावाखाली एका वरिष्ठांच्या पीएच.डी. विद्यार्थ्याचे नाव गेले आणि बाकीच्यांना परिपत्रक आल्याचेही कळले नव्हते. त्यानंतर दोन चांगले तरुण अध्यापक नोकरी सोडून पुण्याला गेले. यादीने निदान तो अन्याय झाला नसता. मॅडमच्या हेतूबद्दल मला शंका नाही. पुढचा विभागप्रमुख तुमच्यासारखा नसला तर ही पद्धत कोणाच्या हातात जाईल, एवढेच मी विचारतो.

नागनदी

महाल सर, तुमचा आक्षेप मला पूर्ण मान्य आहे आणि मूळ मजकुरात मी त्याचा विचार केला नव्हता. आज प्राचार्यांशी बोलून तीन गोष्टी लेखी करून घेतल्या. परिपत्रक सर्व पात्र अध्यापकांना ईमेलने गेले आणि विभागाच्या फलकावरही लागले आहे. समितीतील ज्या सदस्याने उमेदवाराला मार्गदर्शन केले असेल किंवा त्याच्यासोबत लिहिले असेल, त्याने त्या नावावर बोलायचे नाही. आमच्यापैकी एकाला यामुळे बाजूला बसावे लागेल आणि त्यांनी ते लगेच मान्य केले. तिसरे असे की, प्रत्येक सदस्याने प्रत्येक कामावर अर्धे पान लिहून बैठकीआधी माझ्याकडे द्यायचे आणि ती पाने विभागाच्या फाइलमध्ये राहतील. उद्या कोणी विचारले तर कारण दाखवता येईल. यादी सगळ्यांना दिसते हा तिचा गुण आहे, आणि तो आपल्या पद्धतीत आणता येतो असे मला वाटते.

बुटीबोरी

३८ निबंध आणि एक निबंध, या तुलनेबद्दल लिहितो, कारण बैठकीत खरी अडचण तिथेच येईल.

आपल्या अध्यापकांना मोजणीची सवय नियमांनी लावली आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमावलीत विज्ञान-अभियांत्रिकीतील नियतकालिकातल्या निबंधाला ८ गुण आहेत आणि इम्पॅक्ट फॅक्टर (त्या नियतकालिकातल्या निबंधांचा सरासरी किती वेळा संदर्भ घेतला जातो तो आकडा) जास्त असेल तर ते वाढत जातात. परिषदेतील निबंधाला मात्र परिषद परदेशात झाली तर ७ आणि आंतरराष्ट्रीय परिषद देशात झाली तर ५. संगणकशास्त्राची रीत याच्या उलट आहे. आमच्या क्षेत्रातले सर्वांत महत्त्वाचे काम बहुतेक वेळा आधी परिषदेतच येते, तिथली छाननी कडक असते, आणि चांगल्या परिषदेत निबंध स्वीकारला जाण्यासाठी दोन-दोन वर्षे घासावे लागते. हे ज्याला माहीत नाही, असा इलेक्ट्रिकल किंवा मेकॅनिकलचा ज्येष्ठ सदस्य समितीत असेल, तर तो प्रामाणिकपणे चुकीचा निर्णय घेईल. त्याला हे आधीच सांगून ठेवा.

संख्येबद्दल एकच उदाहरण देतो. ऑगस्ट २००२ मध्ये आयआयटी कानपूरच्या मणिंद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितिन सक्सेना यांनी एखादी संख्या मूळ (१ आणि ती स्वतः याखेरीज कशानेही भाग न जाणारी) आहे की नाही हे बहुपदी वेळात, म्हणजे अंक वाढले तरी वेळ आवाक्याबाहेर न जाता, कोणत्याही गृहीतकाशिवाय ठरवणारी रीत दिली. मूळ मसुदा नऊ पानांचा होता. कयाल आणि सक्सेना यांनी तेव्हा नुकतेच बी.टेक. पूर्ण केले होते. तो निबंध २००४ मध्ये छापून आला आणि २००६ मध्ये त्याला सैद्धांतिक संगणकशास्त्रातला गोडेल पुरस्कार मिळाला. त्या उन्हाळ्यात कोणी त्या दोघांचे निबंध मोजले असते, तर काय हाती लागले असते?

अर्थात याचा अर्थ ज्यांचा एकच निबंध आहे ते आपोआप मोठे, असाही नाही. जास्त लिहिणाऱ्यांकडेही पूर्वग्रहाने पाहू नका. आपल्याकडे पदोन्नतीसाठी माणसाला लिहावेच लागते, आणि त्या ढिगात एखादे खरे काम दडलेले असू शकते.

गोरेवाडा

मी स्वतः अशाच एका अध्यापकाच्या जागी आहे, म्हणून एवढेच लिहितो. सहायक प्राध्यापकाला आठवड्याला १६ तास प्रत्यक्ष शिकवण्याचे असतात. त्यावर प्रॅक्टिकलच्या वह्या, प्रोजेक्टचे गट, एनबीएच्या (अभ्यासक्रमांच्या मानांकनाच्या) फायली आणि प्रवेशाच्या दिवसांतली कामे असतात. फेलोशिप मिळाली तर लोड किती कमी होईल, हे संस्थेने नामनिर्देशनाच्या पत्रातच लिहून द्यावे. ‘आवश्यक ते सर्व सहकार्य करण्यात येईल’ हे वाक्य मी तीन पत्रांत पाहिले आहे. ‘पुढील दोन वर्षे आठवड्याला सहा तास कमी’ असे एकदाही पाहिले नाही.

फुटाळा

धागा वाचून वाईटही वाटले आणि लिहावेसेही वाटले. मी नेट आहे, पीएच.डी. आहे, आणि सात वर्षे तासिका तत्त्वावर शिकवतो आहे. असल्या जवळजवळ प्रत्येक योजनेत नियमित पद असण्याची अट असते, त्यामुळे तुमच्या ‘पात्र चार’ जणांच्या यादीत माझ्यासारखा कोणी येणारच नाही. रात्री घरी बसून मी जे काम करतो, ते याच शहरातल्या एका नियमित अध्यापकाच्या नावासोबत छापले जाते, कारण प्रकल्प त्यांच्या नावावर असतो. माझी तक्रार त्यांच्याबद्दल नाही; ते माझे नाव पहिले ठेवतात. पण समिती एखाद्याचे काम वाचेल तेव्हा सहलेखकांपैकी कोणी काय केले, हेही तिने विचारावे अशी माझी विनंती आहे.

वर्धामार्ग

कारकिर्दीची सुरुवात कधी मोजायची, यावर कोणी लिहिले नाही. गुगलच्या अशाच एका कार्यक्रमात पीएच.डी. मिळाल्यापासून सात वर्षे धरतात. आपल्या स्वर्णजयंती फेलोशिपला ३० ते ४० वर्षे वय लागते. आपल्या भागातील कित्येक अध्यापक आधी नोकरीला लागतात आणि दहा-बारा वर्षे शिकवून, क्यूआयपीतून (अध्यापकांना पुढील शिक्षणासाठी पाठवणाऱ्या योजनेतून) किंवा अर्धवेळ नोंदणी करून चाळिशीच्या आसपास पीएच.डी. होतात. बाळंतपण आणि घरच्या आजारपणामुळे स्त्रियांचे हे आणखी लांबते. पीएच.डी.पासून मोजले तर त्या नव्या, वयाने मोजले तर त्या बाद. परिपत्रकात नेमके काय धरले आहे ते शब्दन् शब्द वाचा, आणि मधल्या खंडाचा उल्लेख करायची सोय असेल तर तो जरूर करा, अर्थात त्या व्यक्तीला विचारून.

आणखी एक. अमेरिकेतील वैद्यकीय अध्यापकांसाठीच्या तीनशेहून अधिक शिफारसपत्रांचा अभ्यास २००३ मध्ये प्रसिद्ध झाला होता. त्यात स्त्रियांची पत्रे सरासरीने आखूड निघाली आणि त्यांच्या संशोधनापेक्षा त्यांच्या कष्टाळूपणावर अधिक भर दिलेला आढळला. मॅडम, तुमच्या चौघांत स्त्रिया असतील तर पत्र पूर्ण झाल्यावर ‘मेहनती’, ‘मनमिळाऊ’ हे शब्द खोडून पाहा आणि मागे काय उरते ते वाचा.

रामटेकमार्ग

वर्धामार्ग मॅडमशी मी सहमत आहे. मी लिहिलेली जुनी पत्रे आज काढून पाहिली आणि दोन ठिकाणी मला हेच सापडले.

नागनदी

बैठक काल झाली. तीन तास चालली. सर्वांचे मनःपूर्वक आभार. काय झाले ते सविस्तर लिहिते, कारण मी स्वतः वेगळ्या निकालाची अपेक्षा करून बसले होते.

आलेखांवरच्या निबंधातील सिद्धता आमच्यापैकी कोणालाही पूर्णपणे तपासता आली नाही. तसे आम्ही प्रामाणिकपणे लिहून ठेवले आणि बाहेरच्या एका जाणकारांकडे तो पाठवला. त्यांचे उत्तर असे आले, की काम नेटके आहे, मुख्य प्रश्न अजून बाकी आहे आणि वर्षभराने पुन्हा पाहावे. छोट्या यंत्रांवरचे काम चांगल्या मार्गावर आहे, पण त्यातला बराच भाग अजून पीएच.डी.चाच आहे. वऱ्हाडी उच्चारांवरचे काम मला सर्वांत जवळचे वाटत होते, हे कबूल करते. मात्र त्यातील ध्वनिमुद्रणे अजून कोणाला तपासायला खुली केलेली नाहीत, आणि बोलणाऱ्यांची संमती नीट घेतल्याशिवाय ती खुली करायची नाहीत हा त्या सहकारीणबाईंचा निर्णय मला योग्य वाटतो. त्यांनीच ‘मॅडम, मला आणखी एक वर्ष द्या’ असे सांगितले.

उरले ३८ निबंधांचे सहकारी. एकच काम द्या म्हटल्यावर त्यांनी जे दिले, ते आमच्यापैकी कोणीही ऐकलेले नव्हते. सहा पानांचा, एका लहान कार्यशाळेतला निबंध. संत्र्याच्या पानांवरील रोग ओळखण्यात त्यांच्याच आधीच्या निबंधांत जी अचूकता दाखवली होती, ती फुगलेली होती, हे त्यांनी त्यात दाखवून दिले आहे. एकाच झाडाची, एकाच दुपारी काढलेली छायाचित्रे प्रणालीला शिकवण्याच्या संचातही होती आणि तपासण्याच्या संचातही. प्रणाली रोग ओळखत नव्हती, ते झाड आणि तो प्रकाश ओळखत होती. त्यांनी बागांप्रमाणे संच वेगळे केले, म्हणजे काटोलच्या बागेवर शिकवायचे आणि वरुडच्या बागेवर तपासायचे, आणि आकडे बरेच खाली आले. ते खाली आलेले आकडे त्यांनी तसेच छापले आणि बागांनुसार संच कसे पाडावेत याची रीतही सोबत दिली. बाहेरच्या दोन गटांनी ती रीत आपल्या पिकांसाठी वापरली आहे. बायोडेटात हा निबंध तिसऱ्या पानावर, खालून चौथा होता.

पाचांपैकी चौघांनी अर्ध्या पानाच्या टिपणात याच कामाला पहिले स्थान दिले होते, आणि एकमेकांची टिपणे आम्ही बैठकीपूर्वी पाहिलेली नव्हती. पाचवे सदस्य त्यांचे सहलेखक असल्यामुळे बाजूला बसले होते.

गोरेवाडा सर, पत्रात ‘दोन वर्षे आठवड्याला सहा तास कमी’ हेच शब्द घातले आहेत आणि प्राचार्यांनी त्यावर सही केली आहे. ते तास कोण घेणार याचे वेळापत्रकही जोडले आहे, कारण नाहीतर ते फुटाळा यांच्यासारख्या कोणावर तरी तासिकेच्या दराने पडले असते. दोन तास मी घेणार आहे. फुटाळा, सहलेखकांपैकी कोणी काय केले हे विचारण्याची तुमची सूचना आम्ही चारही कामांसाठी पाळली आणि तसा रकाना आता विभागाच्या नमुन्यात कायम राहील.

पत्र मी स्वतः लिहिते आहे. काल संध्याकाळी ते सहकारी केबिनमध्ये आले आणि दारातच उभे राहून त्यांनी विचारले, की आधीचे निकाल चुकीचे होते हे पत्रात लिहिणे टाळता येईल का, निवड समितीचा गैरसमज होईल. मी त्यांना बसायला सांगितले आणि मसुदा दाखवला. ते दुसऱ्याच वाक्यात आहे.